मेंदूतील गाठ आणि तिच्या रक्ताचे पाट

शेतात पाणी धरणाऱ्या माणसास एक गोष्ट शिकवावी लागत नाही. पाटाच्या तोंडाशी पाणी भरपूर असून ते ठरलेल्या वाफ्यात पोहोचेनासे झाले, की कोठेतरी चोरवाट पडली आहे हे तो ताडतो. मग तो पाटाच्या कडेने चालत जातो आणि जेथे जमीन अवेळी ओली दिसते तेथे थांबतो. चोरवाट दृष्टीस पडली नाही तरी पाण्याच्या वागणुकीवरून ती सापडते. मानवी मेंदूत वाढणाऱ्या गाठींचा शोध काहीशा अशाच रीतीने, म्हणजे गाठीकडे वाहणाऱ्या रक्ताच्या वागणुकीवरून, घेता येतो ही गोष्ट गेल्या काही दशकांत सिद्ध झालेली आहे. ह्या संशोधनाचा एक लक्षणीय भाग आपल्याच देशात, लखनौ येथे, पार पडला. तो कसा पार पडला आणि त्याची आपल्याकडे विशेष गरज का होती, हे ह्या लेखात सांगावयाचे आहे.

प्रकाशाच्या कड्याचे कोडे

समजा, तीस-पस्तीस वर्षांच्या एखाद्या गृहस्थास, पूर्वी कधीही तसे झालेले नसता, अकस्मात फेफरे येते. काही दिवसांपासून त्याचे डोके दुखत असते, सकाळी उलटी होत असते. वैद्यांच्या सांगण्यावरून त्याच्या मेंदूचे चित्र घेतले जाते आणि त्यात सुपारीएवढी एक गाठ आढळते. तिचा मध्य काळसर असून भोवती उजळ कडे असते. चित्र स्पष्ट असते, परंतु त्याचा अर्थ मात्र स्पष्ट नसतो.

कारण असे कडे निरनिराळ्या रोगांत दिसते. ती गाठ क्षयाची असू शकेल. फुप्फुसात किंवा अन्यत्र शिरलेले क्षयाचे जंतू रक्तावाटे मेंदूत जाऊन तेथे गाठ निर्माण करतात. अशी गाठ असल्यास क्षयाची औषधे अनेक महिने नियमाने देऊन ती विरघळविता येते, आणि बहुतेक वेळा कवटी उघडावी लागत नाही. परंतु ती गाठ ग्लायोमा नावाच्या अर्बुदाचीही असू शकेल. मेंदूतील मज्जापेशींना आधार देणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांच्या अनिर्बंध वाढीपासून हे अर्बुद उद्भवते. त्याच्या सौम्यतेवरून व उग्रतेवरून त्याच्या १ ते ४ अशा श्रेणी पाडलेल्या आहेत. चौथ्या श्रेणीचे अर्बुद इतके घातक असते की शस्त्रक्रिया, किरणोपचार व टेमोझोलोमाइड हे औषध अशा तिन्ही उपायांची जोड देऊनही, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, निम्मे रुग्ण १४.६ महिन्यांच्या आतच दगावले होते. औषधाची जोड न मिळालेल्या रुग्णांत हाच काळ १२.१ महिने होता.

आता चूक झाली तर काय होते ते पाहावे. क्षयाची गाठ अर्बुद समजून कापली, तर ज्याला गोळ्यांनी बरे वाटले असते त्याच्या मेंदूस कारण नसताना इजा होण्याचा संभव असतो. उलट, उग्र अर्बुदास क्षय समजून औषधे सुरू केली, तर हाती असलेल्या मोजक्या महिन्यांतील दोन-तीन महिने वाट पाहण्यात जातात. कवटीस छिद्र पाडून, सुईने गाठीचा कण काढून तो सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहणे हा निर्णायक उपाय खरा. परंतु मेंदूच्या ज्या भागात वाचा, दृष्टी अथवा हालचाल यांची केंद्रे आहेत तेथे सुई घालणे जोखमीचे असते, आणि गाठीच्या एका कोपऱ्यातील कण सर्व गाठीची साक्ष देईलच असेही नाही.

ज्या देशांत क्षयरोग विरळ झालेला आहे, तेथील वैद्यांना हे कोडे क्वचित पडते. आपल्याकडे ते जुनेच आहे. १९६५ साली मुंबईचे दस्तुर व देसाई यांनी 'ब्रेन' ह्या विख्यात नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला होता. मेंदूतील क्षयगाठींचे १०७ रुग्ण आणि ग्लायोमाचे १०७ रुग्ण यांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून त्यांनी ह्या दोन रोगांची तुलना केली होती. त्या काळी मेंदूच्या आतील भाग चित्रात दाखविणारी आजची यंत्रे जन्मालाच आली नव्हती. ती पुढे आली, गाठ कोठे आहे व केवढी आहे हे दिसू लागले, तरी ती कशाची आहे हा प्रश्न पुष्कळ वेळा शिल्लकच राहिला.

गाठ आपले पाट स्वतः खणते

ह्या प्रश्नाची उकल करण्यासाठी गाठीच्या जीवनक्रमाकडे वळले पाहिजे. शरीरातील प्रत्येक पेशीस प्राणवायू व अन्न रक्तातून मिळते. केसाहूनही बारीक अशा केशवाहिन्यांतून ते बाहेर झिरपते आणि पेशींपर्यंत जाते. परंतु हा प्रवास फार दूरचा असू शकत नाही. केशवाहिनीपासून मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांपलीकडे असलेली पेशी उपाशी राहते. त्यामुळे एखाद्या ठिकाणी पेशी अनावर होऊन वाढू लागल्या, तरी त्यांचा गोळा एक-दोन मिलिमीटरचा होतो आणि तेथेच त्याची वाढ खुंटते.

ती खुंटलेली राहत नाही, कारण भुकेलेल्या पेशी स्वस्थ बसत नाहीत. त्या आसपासच्या रक्तवाहिन्यांना एक प्रकारचा रासायनिक निरोप धाडतात. तो पोहोचताच जुन्या वाहिन्यांना नवे अंकुर फुटतात, ते गोळ्याच्या दिशेने वाढत जातात आणि अखेर त्यांतून रक्त वाहू लागते. अर्बुदाची वाढ अशा नव्या वाहिन्यांवर अवलंबून असते आणि त्या रोखल्या तर अर्बुदही रोखता येईल, हा विचार अमेरिकेतील बॉस्टन येथील शल्यवैद्य ज्युडा फोकमन यांनी १९७१ साली ठामपणे मांडला. प्रारंभी पुष्कळांनी तो मनावर घेतला नाही. परंतु १९८३ साली हॅरल्ड ड्वोरॅक व त्यांचे सहकारी यांना अर्बुदांतून स्रवणारे, रक्तवाहिन्या पाझरत्या करणारे एक प्रथिन आढळले, आणि १९८९ साली नेपोलिओने फेरारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तवाहिन्यांची वाढ घडविणाऱ्या ज्या प्रथिनाची ओळख पटविली, ते हेच असल्याचे दिसून आले. इंग्रजी आद्याक्षरांवरून ह्या प्रथिनास व्हीईजीएफ म्हणतात. पेशींना प्राणवायूची उणीव कशी जाणवते आणि त्या जाणिवेतून हे प्रथिन कसे निर्माण होते, ह्याचा उलगडा करणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ व सेमेन्झा ह्या तिघांना २०१९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

नव्या वाहिन्या उत्पन्न होण्याच्या ह्या क्रियेस पाश्चात्त्य ग्रंथांत अँजिओजेनेसिस असे ग्रीक धातूंपासून बनविलेले नाव आहे. येथे आपण तिला नववाहिनीजनन म्हणू. एक गोष्ट मात्र वाचकांनी नीट लक्षात ठेवावी. नववाहिनीजनन ही केवळ अर्बुदाचीच करणी नव्हे. गर्भाच्या वाढीत ते घडते, जखम भरून येताना घडते, आणि दीर्घकाळ चाललेल्या दाहातही घडते. क्षयगाठीच्या भोवती शरीराच्या संरक्षक पेशींचा जो वेढा पडतो, त्यासही रक्ताची गरज असतेच. म्हणून नव्या वाहिन्या आहेत एवढ्यावरून गाठ अर्बुदाची ठरत नाही. त्या किती आहेत आणि कशा आहेत, हे मोजावे लागते.

मेंदूची तटबंदी

नव्या वाहिन्या कशा असतात ह्या प्रश्नाचे उत्तर मेंदूत फार चांगले मिळते, कारण मेंदूच्या स्वाभाविक रक्तवाहिन्या शरीरातील इतर वाहिन्यांहून निराळ्या आहेत. १८८५ साली जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांनी प्राण्यांच्या रक्तात काही रंग सोडले असता बहुतेक सर्व अवयव रंगले, परंतु मेंदू पांढराच राहिला. पुढे १९१३ साली त्यांचे शिष्य एडविन गोल्डमन यांनी उलट प्रयोग केला. त्यांनी मेंदूभोवतीच्या द्रवात रंग सोडला. तेव्हा मेंदू रंगला आणि उरलेले शरीर कोरे राहिले. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक तटबंदी आहे, हे त्यावरून दिसून आले. मेंदूतील केशवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी एकमेकींस इतक्या घट्ट सांधलेल्या असतात की मोठे अथवा परके रेणू त्यांच्या फटींतून सहसा बाहेर पडू शकत नाहीत.

अर्बुदाच्या निरोपावरून घाईघाईने उत्पन्न झालेल्या वाहिन्यांना मात्र ही शिस्त नसते. त्या वेड्यावाकड्या असतात, कोठे फुगीर तर कोठे चिंचोळ्या असतात आणि त्यांचे सांधे सैल असतात. चुनेगच्ची पाट आणि रातोरात मातीतून खणलेला पाट यांत जो फरक, तोच येथे असतो. मातीचा पाट वाहतो, पण वाहता वाहता झिरपतोही.

ह्यावरून मोजण्याजोग्या दोन राशी आपल्या हाती येतात. एक, गाठीच्या ठराविक भागात किती रक्त मावते. म्हणजे पाटांचे एकूण घनमान. दुसरी, त्या रक्तातील पदार्थ किती वेगाने बाहेर झिरपतात. म्हणजे पाटांचा पाझर. कवटी न उघडता ह्या दोन राशी कशा मोजाव्यात?

चुंबकाच्या साहाय्याने मोजणी

त्यासाठी जे साधन वापरतात त्यास चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शन असे नाव आहे. रुग्णालयांत सर्वजण त्यास एमआरआय म्हणूनच ओळखतात. त्याचे मूळ भौतिकीत आहे. पाण्यातील हायड्रोजनचे अणुकेंद्र एखाद्या सूक्ष्म चुंबकासारखे वागते. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ते ठेवले आणि योग्य त्या कंप्रतेच्या रेडिओ-लहरींचा धक्का दिला, तर ते त्या लहरींस साद देते. ही गोष्ट १९४६ साली फेलिक्स ब्लॉक व एडवर्ड पर्सेल यांनी स्वतंत्रपणे दाखविली आणि १९५२ साली दोघांना मिळून भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. ह्या सादेवरून चित्र काढता येते हे पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचे चित्र काढून सिद्ध केले. त्यांना व पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले. रुग्णालयांत सामान्यतः आढळणाऱ्या १.५ टेस्ला शक्तीच्या यंत्रातील चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे ३० हजार पट असते, आणि त्यातील हायड्रोजन सेकंदास सुमारे ६ कोटी ४० लक्ष कंपनांच्या लहरींस साद देतो. क्ष-किरणांचा येथे काही संबंध येत नाही.

साद दिल्यानंतर ही अणुकेंद्रे पुन्हा पूर्वस्थितीवर येतात. त्यांना लागणारा वेळ निरनिराळ्या ऊतकांत निरनिराळा असतो, म्हणून चित्रात काळे-पांढरे भेद उमटतात. गॅडोलिनियम नावाच्या धातूच्या आयनात सात एकटे इलेक्ट्रॉन असतात. त्यांच्या सान्निध्यात पाण्यातील हायड्रोजन लवकर पूर्वपदावर येतो आणि तो भाग चित्रात उजळ दिसतो. शुद्ध स्वरूपात हा धातू शरीरास विषारी आहे. म्हणून त्यास दुसऱ्या रेणूच्या मिठीत घट्ट बांधून मगच शिरेत टोचतात. त्याची नेहमीची मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोग्रॅममागे ०.१ मिलिमोल असते. निरोगी मेंदूत हे द्रव्य तटबंदीच्या आतच राहते. जेथे तटबंदी सैल असते तेथे ते बाहेर पडते. आपल्या गृहस्थाच्या चित्रात दिसलेले उजळ कडे ते हेच.

परंतु ते कडे म्हणजे एका क्षणाचे चित्र होय. जमीन ओली आहे एवढेच ते सांगते. ओल किती वेगाने आली हे सांगत नाही. त्यासाठी द्रव्य टोचण्यापूर्वीपासून आरंभ करून, दर काही सेकंदांनी एक याप्रमाणे त्याच भागाची चित्रे घेत जावी लागतात. पाटाच्या तोंडाशी मूठभर गुलाल टाकावा आणि प्रत्येक वाफ्यापाशी उभे राहून पाण्याची लाली कधी आली, किती गडद झाली व किती वेळ टिकली हे लिहून काढावे, तशीच ही युक्ती आहे. लाली आली आणि ओसरली, तर पाणी वाहून गेले. लाली ओसरेनाशी झाली, तर रंग मातीत शिरला.

प्रत्यक्षात चित्रातील प्रत्येक बिंदूसाठी असा एक आलेख काढावा लागतो आणि असे बिंदू हजारो असतात. शिवाय यंत्र मोजते ते उजळपणा. द्रव्याची संहती मोजत नाही. उजळपणावरून संहती काढावयाची, मोठ्या धमनीत ते द्रव्य कसे आले हे पाहावयाचे आणि त्या दोहोंच्या तुलनेवरून रक्ताचे घनमान व पाझर ही वेगवेगळी करावयाची, हे काम गणिताचे आहे. १९९१ साली पॉल टॉफ्ट्स व ॲलन केरमोड यांनी त्यासाठी जे समीकरण मांडले ते पुढे सर्वत्र रूढ झाले. पाझराच्या मापास त्यात के-ट्रान्स असे नाव आहे. घनमान सामान्यतः सापेक्ष रीतीने सांगतात. म्हणजे मेंदूच्या दुसऱ्या, निरोगी अर्धातील तशाच जागेच्या तुलनेत गाठीत रक्त कितीपट आहे असे सांगतात.

लखनौ व कानपूर यांचे सहकार्य

लखनौच्या रायबरेली रस्त्यावर संजय गांधी स्नातकोत्तर आयुर्विज्ञान संस्था आहे. १९८३ साली राज्याच्या कायद्यान्वये ती स्थापन झाली. तेथील प्रतिमानिदान विभागात डॉ. राकेश गुप्ता व त्यांचे सहकारी अनेक वर्षे मेंदूच्या रोगांचा चुंबकीय अनुस्पंदनाने अभ्यास करीत होते. उत्तर प्रदेशातून व आसपासच्या प्रांतांतून त्यांच्याकडे येणाऱ्या रुग्णांत क्षयगाठी व अर्बुदे दोन्ही असत. परदेशातील पुस्तकांत सौम्य व उग्र अर्बुदांतील भेद सांगितलेला असे. लखनौच्या वैद्यांना त्याच्याही आधी, समोर आहे ते अर्बुद आहे की नाही, हे ठरवावे लागे.

ह्या कामास तीन प्रकारच्या विद्वानांची गरज होती आणि ते एकत्र आले हेच ह्या हकीकतीचे मर्म आहे. गणिताची बाजू सुमारे ८० किलोमीटरवरील कानपूरच्या आयआयटीने सांभाळली. तेथील गणित विभागातील प्रा. रामकिशोर सिंह राठोड व त्यांचे विद्यार्थी यांनी उजळपणावरून संहती आणि संहतीवरून घनमान व पाझर काढण्याच्या रीती व त्यांसाठी लागणाऱ्या संगणक-आज्ञावली तयार केल्या. अनुप सिंह हे प्रथम लेखक असलेला ह्या पद्धतीचा निबंध २००७ साली प्रसिद्ध झाला. तिसरी बाजू शल्यवैद्य व विकृतिशास्त्रज्ञ यांची होती. ती लखनौच्याच किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठातील डॉ. मझहर हुसैन व डॉ. नुझत हुसैन यांनी उचलली. १९११ पासून वैद्यकाचे शिक्षण देणाऱ्या ह्या जुन्या संस्थेस मध्यंतरी काही वर्षे कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले होते, ही गोष्ट मराठी वाचकांस ठाऊक नसेल. २०१२ साली पूर्वीचे नाव पुन्हा प्रचारात आले.

शल्यवैद्याची गरज कशासाठी, असे कोणी विचारील. यंत्राने दिलेला आकडा खरा की खोटा हे पडताळून पाहण्यासाठी. गणितातून 'ह्या भागात रक्तवाहिन्या पुष्कळ आहेत' असे उत्तर आले, तरी कोणी तरी त्या मोजून दाखविल्याशिवाय त्या उत्तरावर विश्वास ठेवणे शास्त्रीय नव्हे. ज्या रुग्णांवर आवश्यक म्हणून शस्त्रक्रिया होत असे, त्यांच्या गाठीचा अंश विकृतिशास्त्रज्ञांकडे जाई. त्याचे पातळ काप घेऊन, रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींवर विशिष्ट रंग चढवून, सूक्ष्मदर्शकाखाली त्या एक एक करून मोजीत. ह्या संख्येस सूक्ष्मवाहिनी-घनता म्हणतात. त्याच कापांत व्हीईजीएफ किती आहे हेही पाहत. मग रुग्णाच्या चित्रावरून काढलेला आकडा आणि कापावरून काढलेला आकडा शेजारी शेजारी ठेवीत.

२००७ साली ह्या गटाने दाखविले की क्षयगाठीतील सापेक्ष रक्तघनमान हे तेथील नववाहिनीजननाचे माप ठरते. म्हणजे चित्रातील आकडा व कापातील वाहिन्या यांचा मेळ बसतो. २००८ साली मोहम्मद हारिस व त्यांचे सहकारी यांनी आणखी दोन गोष्टी पुढे मांडल्या. क्षयगाठीतील पाझराचे माप एमएमपी-९ नावाच्या विकराच्या प्रमाणाशी जुळते, ही त्यांतील पहिली. वाहिनीच्या भोवतीचे आवरण विरघळविणे हे ह्या विकराचे काम असल्यामुळे, विकर अधिक तेथे पाझर अधिक, हे सयुक्तिकच होय.

दुसरी गोष्ट अर्बुदासंबंधीची असून ती समजण्यास आपला गुलाल पुन्हा उपयोगी पडेल. मातीत शिरलेला रंगही पाण्यातलाच आहे असे धरून पाटाची रुंदी काढली, तर पाट आहे त्याहून रुंद भासेल. तद्वत बाहेर झिरपलेले द्रव्य वाहिनीतच आहे असे समजले, तर रक्ताचे घनमान चुकीचे येते. म्हणून पाझराचा हिशेब वजा करून मग घनमान काढावे. असे शुद्ध केलेले घनमान हे अशुद्ध घनमानापेक्षा व्हीईजीएफ, वाहिन्यांची घनता व अर्बुदाची श्रेणी ह्या तिन्हींशी अधिक चांगले जुळते, असे ह्या गटास आढळून आले. त्याच वर्षी त्यांनी जंतुजन्य गाठी व अर्बुदे यांच्यात भेद करण्यासाठी ही मापे एकत्रितपणे कशी वापरता येतात ह्याविषयीही निबंध प्रसिद्ध केला. पुढे २०१२ साली रिषी अवस्थी व सहकाऱ्यांनी अशी मापे आणि कापांतील रासायनिक खुणा यांच्या संयुक्त आधारे ग्लायोमाच्या श्रेणी ओळखण्याचा अभ्यास मांडला.

आकड्यावर किती विसंबावे?

येथपर्यंत वाचून कोणास असे वाटेल की आता सुईचे व सूक्ष्मदर्शकाचे काम संपले. तसे मानणे चुकीचे होईल. निसर्गात अपवाद पुष्कळ आहेत. ऑलिगोडेंड्रोग्लायोमा नावाच्या अर्बुदात ते सौम्य श्रेणीचे असतानाही बारीक वाहिन्यांचे दाट जाळे असते. त्याचे रक्तघनमान पाहून ते उग्र वाटू शकते. मेंदूच्या बाह्यावरणापासून उद्भवणारी अर्बुदे पुष्कळदा सौम्य असतात, परंतु तेथील वाहिन्यांना मेंदूची तटबंदी मुळातच नसल्यामुळे ती भरपूर पाझरतात. शिवाय गाठीचा कोणता भाग मोजला, धमनीचा आलेख कोठून घेतला, कोणते समीकरण वापरले, यांवरून आकडा बदलतो. एका रुग्णालयातील मर्यादा दुसऱ्या रुग्णालयात डोळे मिटून लागू करता येत नाही. टोचण्याच्या द्रव्याविषयीही सावधगिरी लागते. ज्यांची मूत्रपिंडे फारच निकामी झालेली आहेत अशा काही रुग्णांत गॅडोलिनियमच्या जुन्या संयुगांमुळे त्वचा व सांधे ताठरून जाण्याचा गंभीर विकार होतो, हे २००६ च्या सुमारास ध्यानात आले. तेव्हापासून अशा रुग्णांची आधी तपासणी करतात.

तथापि, हे माप किती उपयुक्त आहे हे उपचारानंतरच्या काळात विशेष कळून येते. किरणोपचारानंतर पहिल्या काही महिन्यांत पुष्कळदा कडे अधिकच उजळते. अर्बुद पुन्हा वाढले असे वाटून रुग्णाचे घर हवालदिल होते. परंतु ते कधी कधी किरणांनी दुखावलेल्या मृत ऊतकाचे कडे असते. त्यात पाझर असतो, पण नव्या वाहिन्यांचे जाळे नसते. म्हणून रक्ताचे घनमान कमी भरते. खऱ्या वाढीत ते अधिक भरते.

ह्याच्या उलट प्रकारही घडतो. फोकमन यांच्या विचारास अनुसरून व्हीईजीएफला बांधून टाकणारे बेवासिझुमॅब हे औषध तयार झाले, आणि २००९ साली अमेरिकेत उलटलेल्या ग्लायोब्लास्टोमासाठी, म्हणजे त्याच चौथ्या श्रेणीच्या अर्बुदासाठी, त्यास मान्यता मिळाली. ते दिल्यावर काही दिवसांतच उजळ कडे मावळते. परंतु २०१४ साली दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा नव्यानेच निदान झालेल्या रुग्णांचे एकूण आयुष्य ह्या औषधाने वाढत नाही असे दिसून आले. औषधाने पाझर बुजविला होता, म्हणून कडे मावळले होते. अर्बुद मात्र आतल्या आत पसरू शकत होते. जमीन कोरडी दिसली म्हणून चोरवाट बुजली असे होत नाही. केवळ कडे पाहणारा येथे फसतो. पाझर व घनमान निरनिराळे मोजणाऱ्यास निदान शंका तरी येते, आणि वैद्यकात योग्य वेळी आलेली शंका हीसुद्धा मोलाची असते.

समारोप

आरंभी ज्या गृहस्थाची आपण कल्पना केली, त्याच्याकडे परत येऊ. आज त्याच्या मेंदूची अशी मोजणी झाली, तर 'ही गाठ क्षयाचीच' किंवा 'ही अर्बुदाचीच' असे यंत्र शपथेवर सांगणार नाही. परंतु गाठीतील रक्ताचे घनमान निरोगी भागाच्या कितीपट आहे व पाझर किती आहे हे ते सांगेल. वैद्य त्याची सांगड रुग्णाच्या तापाशी, वजनाशी, छातीच्या चित्राशी व अन्य तपासण्यांशी घालील. कण काढणे आवश्यकच ठरले, तर जेथे वाहिन्या सर्वांत दाट आहेत तेथे सुई कशी न्यावी हे शल्यवैद्यास आधीच ठाऊक असेल. १९६५ साली मुंबईच्या संशोधकांनी ज्या प्रश्नासाठी २१४ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, त्याच प्रश्नाचे हे पुढचे पाऊल आहे.

विद्यार्थ्यांनी ह्यातून आणखी एक गोष्ट घ्यावी. चुंबकाचे तत्त्व भौतिकीतून आले, पाझराचे समीकरण गणितातून आले, गॅडोलिनियमची मिठी रसायनातून आली, आणि त्या सर्वांची खरीखोटी पारख सूक्ष्मदर्शकावर वाकून वाहिन्या मोजणाऱ्या माणसाने केली. शाळेत हे विषय निरनिराळ्या तासांना शिकविले जातात. रुग्णाच्या उशाशी ते एकत्र येतात. तेथे त्यांच्यापुढे प्रश्न एकच असतो: ह्या माणसाची कवटी उघडावी, की त्याच्या हाती गोळ्या द्याव्यात? त्याचे उत्तर थोडेसे जरी अधिक खात्रीने देता आले, तरी लखनौ व कानपूर येथील ह्या परिश्रमांचे सार्थक झाले असे म्हणावयास हरकत नाही.